बांधावरून : आज मासे पळत नाहीत

मृगाच्या पहिल्या सरींना ओढ्यातले मासे उलटे चढून खाचरात येतात, अंडी घालतात आणि पिल्लं भाताच्या बुडख्यांशी वाढतात. वलगणीचा हा मासा कुणी विकत आणून सोडलेला नसतो, म्हणून शेतीच्या हिशेबात त्याला कुणी धरतही नाही.

लावणी आटपल्यावर आमच्याकडे एक पोरगा बांधाच्या तोंडाला जाळं लावून बसला होता. वरच्या खाचरात आदल्या दिवशी खोडकिड्यासाठी दाणेदार औषध टाकलं होतं. मासे अंग टाकून वाहत येत होते. पोरगा खूश. "आज पळतच नाहीत, काका!"

पळतील कसे? कार्बोफ्युरानसारखी औषधं मज्जासंस्थेतल्या एका विकराचं काम बंद पाडतात. मासा मरण्याआधी सुस्तावतो. ज्याला विष जास्त बाधलं, तोच आधी हाताला लागतो आणि आधी तव्यावर जातो.

हेक्टरी 30 किलो दाणे टाकले आणि त्यात 3 टक्के विष धरलं, तर ते 900 ग्रॅम झालं. खाचरात दहा सेंटिमीटर पाणी असेल तर ते होतं 10 लाख लिटर. सगळं विरघळलं तर लिटरमागे 0.9 मिलिग्रॅम. कितीतरी जातींच्या माशांना याच्या निम्मंही पुरतं. शिवाय पाणी एका खाचरात थोडंच थांबतं? तोंड फोडलं की खालच्या खाचरात, तिथून वहाळात.

सायपरमेथ्रीनची तऱ्हा निराळी. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, चिखलाला धरून बसतं. वर पाणी निवळ दिसतं आणि चिखल उकरून खाणाऱ्या माशाला ते तळाशी भेटतं. माशाला त्याचे लिटरमागे काही मायक्रोग्रॅमही भारी. डब्यावरचा रंगीत त्रिकोण यातलं काही सांगत नाही; तो उंदरांवरच्या चाचण्यांवरून, माणसाला धोका किती ते बघून ठरतो.

ही औषधं डीडीटीसारखी वर्षानुवर्षं टिकत नाहीत, हेही खरं. थोडं थांबलं तरी बराच धोका टळेल. पण फवारणीनंतर किती दिवसांनी कापणी करायची हे लेबलवर असतं. मासा किती दिवसांनी खायचा, हे कुठल्या डब्यावर लिहिलंय? इंडोनेशियाने 1986 मध्ये 57 कीटकनाशकं भातावर वापरायला बंदी घातली. तिथलं भाताचं उत्पादन त्यामुळे घटलं नाही. आपल्याकडे निदान वरच्या खाचरवाल्याने खालच्याला हाक मारावी, एवढं तरी व्हायला हरकत नाही.

मुठ्यांचं, म्हणजे शेतातल्या खेकड्यांचं, तर विचारूच नका. बांध पोखरतात म्हणून दिवसा बिळांत विष कालवलेल्या भाताच्या गोळ्या ठेवतात. रात्री त्याच बांधावरून दुसरं कुणी बत्ती घेऊन मुठे धरत जातं.