चांदीचे पाणी आणि चिवट जंतू

चांदी आणि पाणी यांचे नाते आपल्याला नवे नाही. बाळाच्या उष्टावणाला चांदीची वाटी, देवाच्या तीर्थाला चांदीची पळी, आणि ज्यांना परवडे त्यांच्या घरी पिण्याच्या पाण्याला चांदीचा तांब्या. चांदीच्या भांड्यातले पाणी 'चांगले राहते' हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. ते का राहते, हे रसायनशास्त्राने नंतर सांगितले. आता हीच चांदी अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने पाण्याच्या फिल्टरमध्ये आली आहे, आणि मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की "हा नॅनो सिल्व्हरचा फिल्टर घ्यावा का हो?" असे कोणी ना कोणी विचारतेच. एका वाक्यात उत्तर असे: घ्यायला हरकत नाही, पण कार्ट्रिज वेळेवर बदलणार असाल तरच. या 'तरच'मागे काय आहे, ते या वेळी पाहू.

आधी 'नॅनो' म्हणजे काय ते. एक सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा चांदीचा ठोकळा घ्या. त्याचे वजन साडेदहा ग्रॅम, म्हणजे साधारण तोळाभर. त्याच्या सहा बाजू मिळून पृष्ठभाग होतो ६ चौरस सेंटिमीटर, एखाद्या टपाल तिकिटाएवढा. आता याच ठोकळ्याचे १० नॅनोमीटरचे बारीक ठोकळे करा. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग.) चांदी तेवढीच, पण एकूण पृष्ठभाग झाला ६०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६,४५० चौरस फूट. आपल्यापैकी चार-पाच कुटुंबांचे दोन बेडरूमचे फ्लॅट त्यात बसतील! म्हणून अगदी चिमूटभर चांदीतही काम भागते.

या पृष्ठभागावरून, पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या संगतीने, चांदीचे आयन थोडे थोडे पाण्यात उतरतात. जंतू मारण्याचे मुख्य काम हे आयन करतात. देव्हाऱ्यातली चांदीची भांडी काळी पडतात ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, कारण चांदीला गंधकाची भारी ओढ. जीवाणूंच्या प्रथिनांतही गंधक असते. आयन नेमके तिथे जाऊन चिकटतात, प्रथिनांचे काम बंद पडते आणि जीवाणू मरतो.

आपल्या पुण्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. तिथल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याचे काम झाले आणि 'सुजल' नावाचा स्वस्त फिल्टर तयार झाला. पुढे टाटा केमिकल्सने अशा राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून डिसेंबर २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' बाजारात आणला. वीज नको, नळाची जोडणी नको, आणि सुरुवातीची किंमत हजार रुपयांच्या आत. त्यात एक फार शहाणपणाची सोय होती. कार्ट्रिज ३,००० लिटरची. क्षमता संपली की पाणी यायचे आपोआप बंद. अनेकांना ती कंपनीची विक्रीची युक्ती वाटली असेल. पण तिच्यामागे शास्त्र आहे, आणि आजचा विषय तोच आहे.

प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिक्सचा, कोर्स अर्धवट सोडू नये हे आपण मुलांनाही सांगतो. औषध अपुरे पडले की कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. चांदीच्या बाबतीतही तसेच घडू शकते, आणि ते घडलेलेही आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टन शहरातील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात साल्मोनेला जातीचे जंतू शिरले. (आपल्याकडचा टायफॉइडही साल्मोनेलाच्याच घराण्यातला.) तिथे जखमांवर सिल्व्हर नायट्रेट वापरत असत. या जंतूंनी त्याला दाद दिली नाही. काही रुग्ण दगावले आणि वॉर्ड बंद करावा लागला. आणखी काळजीची गोष्ट म्हणजे ते जंतू अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लीन यांनाही पुरून उरणारे होते.

हे कसे जमते त्याचा उलगडा १९९९ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातील सायमन सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. (चांदीवर काम करणाऱ्याचे आडनावच सिल्व्हर!) या जंतूंकडे 'सिल' नावाच्या जनुकांचा एक संचच सापडला. त्यातले एक प्रथिन दारावरच्या वॉचमनसारखे आत येणाऱ्या चांदीला धरून ठेवते, तर बाकीची काही प्रथिने पंपासारखी चांदी बाहेर उपसून टाकतात. ही जनुके प्लाझ्मिडवर असतात. प्लाझ्मिड म्हणजे डी.एन.ए.चे एक छोटे कडे. एक जीवाणू ते शेजारच्या जीवाणूला देऊ शकतो. त्याच कड्यावर प्रतिजैविकांना तोंड देणारी जनुकेही असू शकतात, आणि बोस्टनच्या जंतूत ती होतीच. म्हणजे अपुऱ्या चांदीने आपण अशा जंतूंना निवडून वाढवले, तर त्यांच्याबरोबर औषधांना न जुमानण्याची शक्तीही फुकटात वाढते.

"पण हे सिल्व्हर नायट्रेटचे झाले, नॅनोकणांचे काय?" असे कोणी विचारेल. अमेरिकेतल्या एका गटाने २०१५ मध्ये दाखवले, की ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला नेहमीचा जीवाणू सतत नॅनो चांदीच्या संपर्कात ठेवला तर सुमारे २२५ पिढ्यांत तिला सरावतो. २२५ पिढ्या म्हणजे आपल्या हिशेबाने पाच हजार वर्षे, पण ई. कोलाय पोटभर अन्न मिळाले तर वीस मिनिटांत दुप्पट होतो! त्याच्याकडे तांबे आणि चांदी बाहेर टाकणारा पंप मुळातच असतो. पंपाच्या बटणात छोटासा बदल झाला की तो कायम चालू राहतो.

२०१८ मध्ये चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स इथल्या शास्त्रज्ञांनी तर आणखी वेगळी तऱ्हा शोधली. वारंवार नॅनो चांदी सोसलेले जीवाणू फ्लॅजेलिन नावाचे चिकट प्रथिन सोडतात. त्यामुळे चांदीच्या कणांच्या गुठळ्या होतात. कण एकत्र गोळा झाले की मघाचा तो मोठा पृष्ठभाग गेला आणि चांदीची ताकदही गेली. गंमत म्हणजे या चिकट प्रथिनाला अटकाव केला तो डाळिंबाच्या सालीच्या अर्काने. पोट बिघडले की आजी डाळिंबाची साल उगाळून देत असे, ते आठवले की हसू येते. (पण फिल्टरमध्ये साल टाकायचा प्रयोग कृपया कोणी करू नये!)

आता प्रमाण सुटू नये म्हणून सांगतो: वरचे सगळे पुरावे इस्पितळातले आणि प्रयोगशाळेतले आहेत, कोणाच्या स्वयंपाकघरातले नाहीत. तेव्हा घरचा फिल्टर फेकून द्यायला धावू नका. चांदीपासून आपल्या शरीराला अपाय होईल ही भीतीही नको. पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चांदी असली तरी आयुष्यभर पिऊन धोका नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण त्याच संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात पाणी निर्जंतुक करण्यासाठी एकट्या चांदीवर विसंबण्याला पाठिंबा दिलेला नाही, हेही लक्षात ठेवावे.

धोका कुठे आहे तर म्हाताऱ्या झालेल्या कार्ट्रिजमध्ये. तिथे पाणी असते, ऊब असते, गाळाच्या रूपाने जंतूंना अन्न असते; आणि चांदी असते, पण मारण्यापुरती नाही, सराव होण्यापुरती. अर्धवट कोर्स म्हणतात तो हाच. 'पाणी अजून स्वच्छ दिसतेय, चालू दे आणखी दोन महिने' हा आपला काटकसरी विचार इथे अंगाशी येतो. म्हणूनच आपोआप बंद होणारा फिल्टर शहाणा म्हणायचा.

इथल्या, म्हणजे अमिरातीतल्या, पाण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. आपल्या नळाला येणारे पाणी बहुतेक समुद्राचे, क्षार काढलेले आणि क्लोरीन घातलेले. क्लोरीन जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ला करतो, त्यामुळे त्याला सरावणे जंतूंना फार अवघड. अडचण इमारतीच्या टाकीपासून सुरू होते. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापते आणि क्लोरीन लवकर उडतो. त्यातून आपण वास जावा म्हणून कार्बनचा फिल्टर लावतो, तो उरलासुरला क्लोरीनही काढून घेतो. मग कार्बनवर जंतूंचा बुळबुळीत थर बसू नये म्हणून उत्पादक त्यात चांदी घालतात. म्हणजे राखणदार आपणच घरी पाठवायचा आणि त्याच्या जागी दुसरा बसवायचा! तर मग त्या दुसऱ्याची ड्यूटी संपली की त्याला बदलायलाही हवे.

काही व्यवहाराच्या गोष्टी:

१. कार्ट्रिज बसवली त्या दिवशी तिच्यावर मार्करने तारीख लिहा. चौघांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला १५ लिटर धरले, तर ३,००० लिटर २०० दिवसांत संपतात. म्हणजे साडेसहा महिने, वर्ष नव्हे.

२. जुलै-ऑगस्टमध्ये दोन महिने भारतात जाऊन आलात, तर बंद घराच्या उष्म्यात पाणी साचून राहिलेली कार्ट्रिज सरळ बदला. जाण्यापूर्वी नवी बसवू नका, आल्यावर बसवा.

३. टाकी शेवटची कधी धुतली ते इमारतीच्या वॉचमनला विचारा. वर्षातून दोनदा धुतली पाहिजे. एकट्याने विचारून काम होत नसेल तर मजल्यावरच्या सर्वांनी मिळून विचारा.

४. गावी आई-वडिलांना फिल्टर भेट देणार असाल तर पुढच्या दोन वर्षांच्या कार्ट्रिजची आणि त्या बदलणाऱ्या माणसाची सोय आधी करा. आपल्याकडच्या मचूळ विहिरींच्या पाण्यात क्लोराइड बरेच असते. बारावीच्या प्रॅक्टिकलला क्लोराइडमध्ये सिल्व्हर नायट्रेट टाकले की दह्यासारखा पांढरा साका यायचा, तो आठवा. तिथेही काही चांदी अशीच अडकते आणि जंतूंच्या वाट्याला कमी येते. सोय होण्यासारखी नसेल तर पाणी गाळून खळखळून उकळणे हाच खरा उपाय. उकळत्या पाण्याला आजवर टायफॉइडचा कुठलाही जंतू सरावलेला नाही.

५. मोजे, फ्रिज, वॉशिंग मशीन यांत 'सिल्व्हर' आहे म्हणून दोन पैसे जास्त मोजू नका. गरज नसलेल्या ठिकाणी चांदी वापरणे म्हणजे जंतूंना मोफत शिकवणी.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्टोव्हच्या किंवा गॅसच्या भडक्यात भाजलेल्या माणसाच्या जखमेवर डॉक्टर जे पांढरे मलम लावतात, ते बहुधा सिल्व्हर सल्फाडायझिन असते. गावाकडच्या साध्या दवाखान्यातही मिळणारे, गरिबाला परवडणारे हे औषध. आपल्या सोयीसाठी, आणि कधी नुसत्या फॅशनसाठी, आपण चांदी बोथट करून ठेवली, तर त्याची किंमत त्या जखमेला मोजावी लागेल. म्हणून चांदी वापरा, पण पुरती वापरा आणि वेळेवर बदला. आज घरी गेल्यावर ओट्याखाली वाकून कार्ट्रिजवरची तारीख तेवढी बघा.