समुद्र शेठजींचाच का?



आधी बातमी मीच सांगते, म्हणजे ती तुम्हाला दुसरीकडून तिखटमीठ लावून कळायला नको. आम्ही सहा मैत्रिणी, चार जळगावच्या आणि दोन धुळ्याच्या, वय अठ्ठावन्न ते सदुसष्ट, येत्या जूनमध्ये ग्रीसला जायचे ठरवले आहे. तिथे अथेन्सजवळच्या सॅरोनिक आखातात एजिना, पोरोस, हायड्रा, स्पेत्सेस अशी बेटे आहेत. आठवड्यासाठी एक छोटी शिडाची नौका, म्हणजे यॉट, भाड्याने घ्यायची, सोबत परवाना असलेला कप्तान घ्यायचा आणि या बेटावरून त्या बेटावर जायचे. स्वयंपाक आमचा आम्हीच करणार.

हे मंडळात कळल्यापासून मला जेवढा धर्मोपदेश ऐकावा लागला, तेवढा गेल्या चाळीस वर्षांत लागला नव्हता. मला त्याचे काही नाही. पण धुळ्याच्या एका मैत्रिणीचे नाव यादीतून निघाले, आणि ते तिने काढले नाही, तिच्या घरच्यांनी काढले. ती विधवा आहे. पैसे तिचे स्वतःचे आहेत. गुडघे आम्हा सगळ्यांपेक्षा चांगले आहेत. मुलगा म्हणाला, "मम्मी, या वयात समुद्रात? तेही मैत्रिणींबरोबर? आपल्या धर्मात बसतं का हे?" आणि धर्माचे नाव निघाल्यावर ती गप्प बसली. आपण सगळ्याच बसतो. म्हणून आज त्या एका प्रश्नाचेच उत्तर लिहिते आहे. बसतं का?

पहिले म्हणणे असे, की आपल्यात समुद्र ओलांडत नाहीत. कोणी सांगितले? वर्षातून दोनदा, चैत्रात आणि आश्विनात, आयंबिलच्या ओळीत नऊ दिवस आपण श्रीपाल राजाचे चरित्र ऐकतो. धवल शेठची जहाजे भरूचच्या बंदरात अडकतात, श्रीपाल नवपदाच्या आराधनेने ती सोडवतो, मग तोच धवल त्याला समुद्रात ढकलतो आणि तो आपल्या कोकणात, ठाण्याच्या किनाऱ्याला लागतो. निम्मे चरित्र तर पाण्यावरच घडते. ऐकताना आपल्याला कधी वाटले का, की श्रीपालने जहाजावर चढून पाप केले?

ज्ञाताधर्मकथेतला अर्हन्नक श्रावक आठवा. चंपानगरीचा व्यापारी, भर समुद्रात त्याच्या जहाजावर देव पिशाच्चाचे रूप घेऊन येतो आणि म्हणतो, व्रत सोड, नाहीतर जहाज बुडवतो. अर्हन्नक तिथेच स्थिर बसतो, व्रत सोडत नाही, आणि शेवटी देवच नमतो. ही कथा कोणत्या अध्ययनात आहे? मल्लीच्या. आपल्या श्वेतांबर परंपरेत ज्या एकमेव तीर्थंकर स्त्री होत्या, त्या मल्लीच्या अध्ययनात. व्रत पाळायला पायाखाली जमीनच लागते असे आगमकारांना तरी वाटले नव्हते.

आता इतिहास पाहा. आपली तापी जिथे समुद्राला मिळते त्या सुरतेत सतराव्या शतकात वीरजी व्होरा होऊन गेले. इंग्रजांची कंपनी त्यांच्याकडून कर्ज घेत होती, त्यांचा व्यापार इराणच्या आखातापर्यंत आणि तांबड्या समुद्रापर्यंत पसरला होता. सोलापूरचे वालचंद हिराचंद तर आपल्याच महाराष्ट्रातले जैन. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया कंपनी काढली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. इंग्रजांच्या राज्यात, इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. आपण त्यांची नावे भाषणात अभिमानाने घेतो. १८९३ साली वीरचंद गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला जैन धर्म सांगायला गेले, तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून त्यांना आपल्याच लोकांचा विरोध झाला. आज त्यांचेही गुणगान होते. पुरुषाने ओलांडला की आधी वाद होतो आणि नंतर पुतळा उभा राहतो. बाईच्या बाबतीत वादावरच काम थांबते.

दुसरे म्हणणे जास्त गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट देते. महासतीजी वाहनात बसत नाहीत, पायी विहार करतात, मग आपण असे कसे करायचे? मैत्रिणींनो, साध्वींचे महाव्रत वेगळे आणि श्राविकेचे अणुव्रत वेगळे. आपण रोज गाडीत बसून स्थानकात जातो आणि महासतीजींना वंदना करतो, त्यात कोणाला विसंगती दिसत नाही. आणि आचारांगात तर खुद्द साधू-साध्वींनी प्रसंग पडल्यास नावेत कसे चढावे, कसे बसावे, याचे नियम दिलेले आहेत. नावच निषिद्ध असती तर नियम कशाला दिले असते?

श्राविकेसाठी आहे ते दिशापरिमाण व्रत. कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा आपली आपण घालायची. जिने भारताबाहेर जाणार नाही असे पच्चक्खाण घेतले आहे, तिने अजिबात येऊ नये, आणि तिला आग्रह करणारीही मी नव्हे. पण ज्यांनी ते घेतलेले नाही त्यांच्या वतीने शेजारणीने, भावजयीने किंवा मुलाने ते परस्पर घेऊन टाकायचे, असे कुठल्या ग्रंथात आहे ते मला दाखवा.

तिसरे म्हणणे अप्कायाचे. पाण्याच्या एका थेंबात असंख्यात जीव, आणि तुम्ही आठवडाभर पाण्यावर राहणार? प्रश्न खरा आहे. हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी विचारायला हवा होता, जेव्हा आपल्या समाजातली मोठी मंडळी कुटुंबासह एका मोठ्या क्रूझवर गेली. अनेक मजल्यांचे जहाज, त्यावर पोहण्याचे तलाव, दिवसरात्र चालणारे इंजिन, आणि खाण्याचे इतके प्रकार की अर्धे ताटात टाकून दिले गेले. तेव्हा 'जैन किचन आहे ना' एवढ्यावर सगळ्यांचे समाधान झाले होते.

आता आमच्या नौकेचा हिशेब मांडते. बी.कॉम. केले ते एरवी किराण्याच्या वहीतच खर्ची पडले, इथे तरी उपयोगी पडू दे. चाळीस फुटांच्या आसपासची नौका. पाण्याची टाकी साधारण तीन-चारशे लिटरची, ती सात जणांना बंदर येईपर्यंत पुरवायची. म्हणजे माझ्या गच्चीवरच्या टाकीच्या निम्म्याहून कमी. भांडी एका पातेल्यात बुडवून धुवायची, आंघोळ एका तांब्यात. ज्या गावांत नळाला रोज पाणी येत नाही तिथल्या बायकांना हे शिकवायला नको. सामान एका मऊ पिशवीत मावेल एवढेच, कारण कडक बॅग ठेवायला जागाच नसते. वारा असेल तेव्हा शीड, नसेल तेव्हाच इंजिन. कोणी म्हणेल, वाऱ्यातही वायुकायाचे जीव आहेत. आहेतच. घरातल्या पंख्यालाही ते आहेत. निर्दोष प्रवास असा नसतोच, कमी दोषाचा असतो, आणि परिग्रह मोजायचा तर ही छोटी नौका त्या क्रूझपेक्षा, आणि आपल्या आचारी-गाडी-गाद्यांसकट निघणाऱ्या यात्रांपेक्षाही, कितीतरी हलकी आहे.

चौथे म्हणणे खाण्यापिण्याचे. नौकेवर गॅसची शेगडी असते, आणि ती झुलती बसवलेली असते. नौका कलली तरी पातेले सरळ राहते. मूग, तांदूळ, कणीक, खाखरे, मेथीचे ठेपले आम्ही नेणार. दूध-तूप-माव्याचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, तेव्हा पेढ्यांचा डबा घरीच ठेवावा लागेल. तिथे पिवळ्या डाळीचे 'फावा' मिळते, काबुली चणे मिळतात, एजिनाचे पिस्ते तर प्रसिद्धच आहेत. ग्रीक लोकांच्या उपासाच्या जेवणाला 'निस्तिसिमा' म्हणतात, त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. पण सावध राहा, त्यात ऑक्टोपस आणि माकूळ चालतात, कांदा-लसूणही असतो. म्हणून हॉटेलवर विसंबायचे नाही, आणि स्वतःची शेगडी सोबत नेणारी नौका याच कारणाने सोयीची.

रात्रीभोजनाचे विचाराल, तर जूनमध्ये तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. चोविहार इथल्यापेक्षा सोपा. आणि जूनच का? चातुर्मास सुरू होण्याच्या आत परत यायचे आहे. त्या समुद्रात जुलै-ऑगस्टला 'मेल्तेमी' नावाचा उत्तरेचा जोराचा वारा वाहतो, तोही टळतो. म्हणजे आपला धर्म आणि तिथला वारा, दोघे एकच महिना सांगतात.

मनाला लागतील अशा गोष्टी तिथे दिसणार, हेही लपवत नाही. बंदरात दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस दिसतील. हायड्रा बेटावर खासगी मोटारींना बंदी आहे, म्हणून ओझी गाढवा-खेचरांवर जातात. पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांत 'अतिभार' आहे हे आपल्याला पाठ आहे. आम्ही प्राण्यावर बसणार नाही, पिशवी आपल्याच हातात धरणार. नौकेवर मासे धरण्याचा गळ ठेवायचा नाही, असे आम्ही आधीच लेखी कळवणार आहोत.

पाचवे म्हणणे कोणी मोठ्याने बोलत नाही, पण खरे तेच आहे. सोबत कोण? नवरा नाही, मुलगा नाही, आणि कप्तान परका पुरुष. यात्रेच्या बसचा ड्रायव्हर कोण असतो? आचारी कोण असतो? तरीही हवी असेल तर बाई कप्तान मागता येते, आणि आम्ही तीच मागितली आहे. सोबत म्हणाल, तर या सहा जणी साधर्मिक आहेत. वर्षीतपाच्या पारण्याला, बाळंतपणाला, कॅन्सरच्या केमोला, नवऱ्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशी घर सांभाळायला याच आल्या होत्या. दुःखात चालणारी सोबत आनंदात का चालू नये?

सहावे म्हणणे, एवढ्या पैशात जीवदया झाली असती. जरूर झाली असती, आणि आमच्या घरांतून ती दरवर्षी होते. पण हा प्रश्न लग्नातल्या परदेशी फुलांच्या मंडपाला विचारलेला मी अजून ऐकला नाही. आमच्या वहीत नौकेचे भाडे, कप्तानाची रोजची मजुरी आणि जेवण, डिझेल, बंदराची फी, परत मिळणारी अनामत, शेंगेन व्हिसा आणि त्यासाठी लागणारा तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, अशा सगळ्या रकमा मांडल्या आहेत आणि सहाने भागल्या आहेत. प्रत्येकीचा हिस्सा प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यातून जाणार. कोणत्याही मुलाच्या गल्ल्यातून एक रुपया निघणार नाही.

वयाची आणि भीतीची गोष्ट मात्र मी हसण्यावारी नेत नाही. धक्क्यावरून नौकेवर जायला अरुंद फळी असते. ज्यांचा तोल जातो, ज्यांना चक्कर येते, ज्यांच्या डॉक्टरांनी नाही म्हटले आहे, त्यांनी येऊ नये. लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचे. आणि ग्रीसच्या आधी मुंबईला गेटवेहून तासाच्या हिशेबाने मिळणारी शिडाची बोट घेऊन सगळ्यांचे पोट आणि धीर तपासायचा.

धीर कुठून आणायचा ते विचारलेत, तर गोव्याकडे पाहा. तिथल्या दिवाडी बेटावरच्या कारखान्यात 'तारिणी' बांधली गेली, सुमारे ५५ फुटांची शिडाची नौका. १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यावरून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्याला परतल्या. पुढे त्याच नौकेवरून लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघीच २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी आल्या. त्या तरुण, प्रशिक्षित. त्यांची बरोबरी आम्ही करत नाही. आम्ही कप्तान घेऊन, किनारा डोळ्यांसमोर ठेवून, दिवसाला पंधरा-वीस सागरी मैल जाणार आणि संध्याकाळी बंदरात प्रतिक्रमणाला बसणार. त्यांच्या आठ महिन्यांपुढे आमचे सात दिवस म्हणजे दळायला गिरणीत जाऊन आल्यासारखे.

तेव्हा ज्यांचा विरोध आहे त्यांना एकच विनंती. 'मला काळजी वाटते' म्हणा, मी ऐकेन. 'आम्हाला आवडत नाही' म्हणा, तेही ऐकेन. घरी जेवण कोण करणार हा खरा प्रश्न असेल तर तोच विचारा, त्याचेही उत्तर आहे. पण धर्माचे नाव घ्यायचे असेल तर ग्रंथ, अध्ययन आणि ओळ सांगा. आपण ज्यांना वंदन करतो त्यांना तीर्थंकर म्हणतो, आणि तीर्थ म्हणजे पाणी ओलांडण्याचा घाट. घाट बांधणाऱ्याच्या नावाने बाईला काठावर बसवून ठेवू नका.

आणि धुळ्याच्या माझ्या मैत्रिणीला: नौका ठरवण्याची अनामत पुढच्या महिन्यात भरायची आहे. यादीत सहा नावे आहेत. ज्याने तुझे नाव काढले त्याला ती यादी कधी दिलेलीच नव्हती, ती माझ्या वहीत आहे.