हेळव्याची चोपडी आणि माहितीपटाची वर्गणी

जत, मिरज आणि सीमेपलीकडचा अथणी-विजापूर हा मुलूख ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना हेळवी कोण हे सांगावे लागणार नाही. इतरांसाठी एवढेच, की हेळवी हा पिढीजात वंशावळ सांगणारा. बैलावर बसून दारी यायचे, घरातल्या कर्त्या पुरुषाचे नाव घेऊन मूळ गाव, आडनाव, कुळ, भाऊबंदांच्या फुटलेल्या शाखा ओळीने म्हणून दाखवायच्या, नव्याने जन्मलेल्यांची भर घालायची आणि धान्य, कापड वा भांडे घेऊन पुढच्या दारी जायचे, अशी ही रीत. तोंडपाठ वंशावळीला पुढे चोपडीची जोड मिळाली. डफळे संस्थानची हकिकत गॅझेटियरात सापडते. त्या संस्थानातल्या कुणब्याच्या सात पिढ्या सापडल्याच, तर हेळव्यापाशी.

राजघराण्याला लेखक मिळतोच. हवाईचे राज्य १८९३ मध्ये उलथवले गेले, तरी पदच्युत राणी लिलिउओकलानी हिने 'कुमुलिपो' हे दोन हजारांहून अधिक ओळींचे वंशस्तोत्र १८९७ मध्ये इंग्रजीत छापून घेतले. हेळव्याचे म्हणणे छापून भागत नाही. त्यातला हेल, कानडीतून मराठीत शिरणारा उच्चार, आजोबांचे नाव ऐकताच उंबऱ्यातल्या म्हातारीचा बदलणारा चेहरा, हे सारे कागदावर उतरत नाही. म्हणून यावर माहितीपट व्हावा, आणि तो स्वतंत्रपणे व्हावा, असे आम्हांस वाटते.

स्वतंत्रपणे म्हणजे कुणाच्या पैशाने? माहितीपटांचा सरकारी आधार असलेला फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाला. मग उरतात ती घराणीच. 'आमच्या कुळाचा चित्रपट काढा, खर्च आम्ही देतो' म्हणणारे आज पुष्कळ भेटतील. आमचा विरोध नेमका इथे आहे. मराठीतले कुलवृत्तांत कुलबंधूंच्या वर्गणीतून निघाले. संदर्भ म्हणून ते मोलाचे, परंतु वाचताना घरात कधी कुणी वाईट वागलेच नाही असा भास होतो. दत्तकाचा तंटा, टाकलेली बायको, देवीला सोडलेली मुलगी, गहाण पडून गेलेली जमीन यांना तिथे जागा अपवादानेच मिळते. पैसे देणाऱ्याला आपल्या पूर्वजांची बदनामी विकत घ्यायची नसते, हे समजण्यासारखेच आहे. (हेळवीही बिदागी देणाऱ्याच्या तोंडावर त्याच्या पणजोबाची निंदा करणार नाही. तो दोष माहितीपटाने पुन्हा का पत्करावा?)

याला उपाय म्हणजे पुष्कळांची थोडी वर्गणी. 'मंथन'साठी (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. चित्रपट त्यांच्याविषयीच होता, तरीही गावातला जातिभेद त्यात झाकलेला नाही. दोन रुपयांच्या भागीदाराला प्रसंग कापायला लावण्याइतके वजन नसते, आणि तेच त्या चित्रपटाचे बळ ठरले.

लोकांनी विश्वास कशावर ठेवावा, हा प्रश्न रास्त आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचे अंकुरणे टप्प्याटप्प्याने चित्रित केले आणि ती छोटी फीत पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिले; सरस्वतीबाईंचे दागिने तर गेलेच. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) त्यानंतरचा. जतच्या एका वाड्यावस्तीवर एका हेळव्याचे एका दारातले दहा मिनिटांचे चित्रण आधी करावे आणि तेच महाविद्यालयांतून दाखवून वर्गणी मागावी. गुळगुळीत पत्रके काढण्यापेक्षा हे स्वस्त आणि प्रामाणिक.

अटी मात्र आधी जाहीर हव्यात. एका वर्गणीदाराची रक्कम ठरावीक मर्यादेपुढे घेऊ नये. ज्यांची वंशावळ चित्रित होईल त्या घरांकडून पैसाच घेऊ नये. हेळव्याला मानधन पहिल्या दिवशी द्यावे, चित्रपट पूर्ण होवो वा न होवो. श्रेयनामावलीत वर्गणीदारांची नावे अकारविल्हे यावीत, रकमा नकोत. मराठी विभागांनी लोकसाहित्याच्या तासाला हेळव्यावर टिपण देणे पुष्कळ केले. आता प्रत्येक विभागाने निदान एका खेळाचे पैसे आगाऊ भरावेत, आणि तो खेळ जत तालुक्यातल्या एखाद्या गावच्या चावडीसमोर व्हावा.