सावलीचे तास

रे रोड स्टेशनातून बाहेर पडलं की ओल्या लाकडाचा आणि गंजलेल्या लोखंडाचा वास एकदमच येई. एकीकडे वखारी, दुसरीकडे दारूखान्यात तोडलेल्या जहाजांचं भंगार. तिथल्या एका बँकेच्या शाखेत मी अधिकारी होतो. 1998 साली, वयाच्या 39व्या वर्षी, कादंबरी लिहायचा ध्यास घेऊन मी मराठीच्या एम.ए.ला नाव घातलं. बी.कॉम. झालेला माणूस, दोन मुलांचा बाप! सहकारी हसले. ‘साहेब, आता प्रमोशनचा अभ्यास करायचा की ज्ञानेश्वरीचा?’

शाखा बंद झाली की तासभर तिथंच वाचत बसे, मग लालबागपर्यंत पायी घरी. दुसऱ्या वर्षी थोरलीची दहावी आणि माझी परीक्षा एकाच उन्हाळ्यात आली. ‘बाबा, तुमचा निकाल आधी की माझा?’ असं ती विचारी. पुढे कादंबरी आली, सत्कार झाले. ‘जिद्दीनं शिकलो’ असं मी भाषणांतून सांगत राहिलो.

अशा वेळी मी हमखास नारायण सुर्व्यांचं नाव घेत असे. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी वाढवलेल्या या पोराची शाळा लहानपणीच सुटली. शाळेत शिपाई म्हणून काम करताना, संसाराच्या ऐन धबडग्यात, ते सातवी पास झाले आणि पुढे शिक्षक झाले. 1962 साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आलं, 1966 साली ‘माझे विद्यापीठ’. 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. परळ-लालबागच्या माणसाला याहून मोठा दाखला कुठला हवा?

पण त्यांच्या पत्नी कृष्णाबाईंच्या आठवणींचं पुस्तक हाती आलं आणि नावापाशीच थबकलो. ‘मास्तरांची सावली’. उन्हात चालणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. सावलीही तेवढंच अंतर चालून आलेली असते, हे कुणाच्या लक्षात येतं?

मी बँकेतला माणूस. हिशेब मांडून पाहिला. माझ्या दोन वर्षांच्या अभ्यासाचे तास आले कुठून? पहाटे चाळीच्या नळावर मी जात नव्हतो. धाकट्याच्या तापात रात्र मी जागवली नव्हती. रेशन, आईचं औषधपाणी, पाहुणेरावळे, यांतलं काही माझ्या वाट्याला आलं नाही. जमेच्या बाजूला माझी पदवी होती. नावे पडलं होतं ते सगळं पत्नीच्या खात्यावर.

आणि तिच्या ट्रंकेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचं प्रमाणपत्र होतं, ‘अ’ श्रेणीचं. लग्नानंतर ते कुणी बाहेर काढलं नाही. मुलं मोठी झाल्यावर एकदा मी उदारपणे म्हणालो, ‘तू पुन्हा चित्रकला शिकायला हवीस.’ पोळी लाटता लाटता ती म्हणाली, ‘शिकेन की. आठवड्याचे किती तास द्याल?’

मला उत्तर देता आलं नाही.

शिक्षणाची दारं आज पूर्वीइतकी बंद नाहीत. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली, त्यांच्यासाठीही 1989 साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानं वाट काढून दिली. विद्यापीठ प्रवेश देईल, पुस्तकं देईल. पण संध्याकाळचे दोन तास? ते घरानंच द्यायचे असतात. बाप शिकायला बसला की घर आवाज कमी करतं. आई वही घेऊन बसली की तिला दूध उतू गेल्याचं सांगायला चारजण येतात. प्रतिभेची वाटणी देवानं कशी केली ते ठाऊक नाही. सवडीची वाटणी मात्र आपणच केली आहे, आणि ती न्याय्य नाही.

आमच्याकडे गेली दोन वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. भाजीत मीठ अजून कमी-जास्त होतं. ती क्लासहून येते तेव्हा बोटांना रंग असतो, आणि कधी एखादं चित्र दाखवते, कधी दाखवत नाही. तिचं प्रदर्शन भरेल की नाही, कोण जाणे. माझी कादंबरी येईल, अशी हमी तरी तिला कुणी दिली होती?

आज रविवार, घरात सगळे असतील. कुणाच्या ट्रंकेत काय पडून आहे, एवढं तरी विचारून पाहा. आणि विचारण्याआधी द्यायचे तास मोजून ठेवा.