आपला तो ब्रूनो, दुसऱ्याचं ते कुत्रं: प्राण्यांना काय म्हणतो, याने फरक पडतो का?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी मेसेज पडतो, 'कुणाचं तरी कुत्रं लिफ्टमध्ये घाण करून गेलंय.' पाच मिनिटांत उत्तर येतं, 'त्याचं नाव ब्रूनो आहे. प्लीज कुत्रं म्हणू नका.' मग तिसरा विचारतो, 'कुत्र्याला कुत्रा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?' दुपारपर्यंत शंभरेक मेसेज होतात. लिफ्ट तशीच असते.

वरवर हा वाद गमतीचा वाटतो. पण कुत्र्या-मांजरांना काय म्हणायचं, हा प्रश्न आता न्यायालयांच्या आदेशांत, सरकारी नियमांत आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही आहे. 'भटका', 'मोकाट', 'कम्युनिटी डॉग', 'पेट पॅरेंट', 'मालक' हे शब्द वापरताना आपण नकळत एक बाजू घेत असतो. ती कोणती, ते समजून घेऊ.

वाद सुरू कुठून झाला?

या वादाची मुळं इंग्रजीत आहेत. 2011 मध्ये 'जर्नल ऑफ अ‍ॅनिमल एथिक्स' या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. त्याच्या संपादकांनी 'पेट' हा शब्द कमीपणा आणणारा असल्याचं सांगत 'कम्पॅनियन अ‍ॅनिमल', म्हणजे सोबती प्राणी, असं म्हणावं असं सुचवलं. 'ओनर' ऐवजीही सांभाळ करणारा अशा अर्थाचा शब्द त्यांना हवा होता. त्याआधीच, 2000 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर शहराने आपल्या नियमांत 'ओनर' च्या जागी 'गार्डियन' हा शब्द आणला होता.

दुसरा मुद्दा सर्वनामाचा. इंग्रजीत माणसाला 'ही' किंवा 'शी' आणि वस्तूला 'इट'. प्राणी बहुतेक वेळा 'इट' मध्ये, म्हणजे टेबल-खुर्चीच्या रांगेत जातो. जेन गुडॉल यांनी 1960 च्या दशकात चिंपांझींवर शोधनिबंध लिहिला, तेव्हा संपादकाने त्यांचे 'ही' आणि 'शी' खोडून 'इट' केले होते. गुडॉल यांनी ती दुरुस्तीच खोडून टाकली. आज असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेनुसार प्राण्याचं नाव असेल किंवा तो नर की मादी हे माहीत असेल, तर 'ही' किंवा 'शी' वापरता येतं. म्हणजे ब्रूनो 'ही' होतो आणि गल्लीतला बिननावाचा कुत्रा 'इट' राहतो.

मराठीत 'ते' म्हणजे वस्तू का?

इथे मराठीचं गणित वेगळं आहे. मराठीत टेबल 'ते' असतं, पण बाळही 'ते'च असतं. मूल, लेकरू, पोरगं, पिल्लू, कोकरू, वासरू हे सगळे नपुंसकलिंगी शब्द आहेत. मालवणी आणि कोकणीत तर 'चेडू', म्हणजे मुलगी, हा शब्दही नपुंसकलिंगी आहे. उलट खुर्ची 'ती' आणि दगड 'तो', म्हणून त्यांना कुणी जास्त मान देत नाही.

त्यामुळे 'मांजर आलं' म्हटल्याने मांजराचा अपमान होत नाही. मराठीतलं 'ते' लहानपण दाखवतं. त्या लहानपणात माया आहे की तुच्छता, हे बोलणाऱ्याच्या सुरावर ठरतं. 'बिचारं कुत्रं भिजलंय' यात माया आहे. 'ते कुत्रं हाकला आधी' यात नाही. शब्द तोच आहे.

'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण नेमकं हेच सांगते. आपल्याला नाव मिळतं आणि 'तो' मिळतो, परक्याला 'ते' आणि 'कार्टं'. ब्रूनोच्या घरच्यांना 'कुत्रं' खटकतं त्याचं कारण हेच आहे. आपल्या घरातला कुणीतरी परका ठरवला गेला, हे त्यांना लागतं.

आणि मराठी एकाच वेळी दोन्ही टोकांना असते. 'कुत्र्याच्या मौतीने मेला' हा शाप याच भाषेतला. पण दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात आणि ते चार वेद मानले जातात. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी होते आणि अनेक गावांत त्यांना जेवणाचं आवतण दिलं जातं, तेही आदरार्थी बहुवचनात. सोबती प्राण्याला मान देणारी भाषा आपल्याकडे नव्हती, असं म्हणता येत नाही.

भटकं, मोकाट की 'कम्युनिटी'?

खरा संघर्ष घरातल्या ब्रूनोवरून होत नाही, तो रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून होतो.

2001 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत कुत्र्यांचे दोनच प्रकार होते, पाळीव आणि रस्त्यावरचे. 2023 च्या नव्या नियमांत 'कम्युनिटी अ‍ॅनिमल' हा शब्द आला, म्हणजे त्या वस्तीतले प्राणी. शब्दाबरोबर कामही आलं. अशा प्राण्यांना खायला घालण्याची योग्य व्यवस्था करणं ही त्या जागेतल्या रहिवासी संघटनेची किंवा स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीची जबाबदारी ठरली.

'भटका' हा शब्द वस्तुस्थितीलाही फारसा धरून नाही. रस्त्यावरचे कुत्रे सहसा ठरावीक हद्दीत राहतात, ती राखतात आणि बाहेरच्या कुत्र्याला आत येऊ देत नाहीत. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला पुन्हा त्याच जागी सोडण्याच्या पद्धतीमागचं हे एक कारण आहे. जागा रिकामी झाली तर दुसरे, कदाचित लस न घेतलेले कुत्रे तिथे येतात.

पण या नाण्याला दुसरी बाजू आहे. ज्या घरातल्या मुलाला कुत्रा चावला आहे, त्यांना 'कम्युनिटी' हा शब्द क्रूर थट्टा वाटू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी 36 टक्के मृत्यू भारतात होतात. ही भीती शब्द बदलून जात नाही.

दोन न्यायालयीन प्रकरणांच्या नावांतून हा फरक स्पष्ट दिसतो. जून 2021 मध्ये केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर ब्रूनो नावाच्या लॅब्रेडॉरला बेदम मारहाण करून ठार करण्यात आलं. केरळ उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याला श्रद्धांजली म्हणून प्रकरणाचं नाव ठेवलं, 'इन रे: ब्रूनो'. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या कुत्र्यांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्या प्रकरणाला एका बातमीचा मथळाच नाव म्हणून मिळाला. मराठीत त्याचा अर्थ साधारण असा होतो: शहर भटक्या कुत्र्यांच्या तावडीत, किंमत मोजतात मुलं.

पहिल्या नावात एक कुत्रा आहे आणि त्याला नाव आहे. दुसऱ्या नावात कुत्र्यांचा जमाव आहे आणि समोर मुलं आहेत. दोन्ही प्रकरणांतलं दुःख खरं आहे. पण नाव वाचताच आपली सहानुभूती कुठे जाणार, हे बरंचसं ठरून जातं.

दिल्लीच्या प्रकरणात पुढे काय झालं? 11 ऑगस्ट 2025 ला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली परिसरातले कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण झालेले कुत्रे मूळ जागी सोडावेत, रेबीजचे किंवा आक्रमक कुत्रे सोडू नयेत, असं ठरलं. 7 नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा ठिकाणचे कुत्रे हटवायला सांगण्यात आलं. म्हणजे न्यायालयालाही शेवटी सगळ्या कुत्र्यांना एका शब्दात बसवता आलं नाही. लस घेतलेला, आजारी, आक्रमक, शाळेच्या आवारातला अशी फोड करावी लागली.

कायद्याच्या नजरेत ब्रूनो कोण?

घरचे त्याला मूल मानतात. कायदा मानत नाही. 2020 मध्ये मुंबईत खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या एका तरुण विद्यार्थ्याच्या दुचाकीखाली कुत्रा आला आणि मेला. पोलिसांनी माणसाच्या जीविताला धोका पोहोचवण्याची कलमंही लावली. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा गुन्हा रद्द केला. मालक कुत्र्या-मांजराला आपलं मूल मानत असतील, पण ते माणूस नाहीत, त्यामुळे ही कलमं लागू होत नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. चुकीचा गुन्हा नोंदवल्याबद्दल राज्य सरकारला 20 हजार रुपये भरायला लावले. 'मूल' हा शब्द शब्दशः घेतला की त्याची किंमत दुसऱ्याच एखाद्या तरुणाला मोजावी लागू शकते.

मात्र कायद्याची भाषाही बदलते आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत प्राणी मारण्याच्या गुन्ह्यात त्याची किंमत बघितली जायची, दहा रुपये किंवा पन्नास रुपये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये किंमतीची ही अट नाही. कोणत्याही प्राण्याला मारणं, विष देणं किंवा जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरीकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही 10 ते 50 रुपये आहे.

'मालक' हा वाईट शब्द आहे का?

'पेट पॅरेंट' या शब्दात माया आहे. बाजारालाही तो आवडतो, कारण आई-बाप मुलासाठी खर्च करताना हात आखडता घेत नाहीत.

'मालक' कोरडा वाटतो. पण त्यात जबाबदारी आहे. न्याय संहितेचं कलम 291 ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याला धरतं. त्याच्या निष्काळजीपणामुळे माणसाला इजा होण्याची शक्यता असेल, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई-पुण्यात महापालिकेचा परवानाही कुणाच्या तरी नावावर घ्यावा लागतो. 'आम्ही त्याचे मालक नाही, आई-बाबा आहोत' हे ऐकायला छान आहे. पण लस चुकली किंवा कुणाला चावला, तर उत्तर मालकालाच द्यावं लागतं.

प्रेमाचे शब्द पुरेसे असतात का?

2025 मध्ये कोल्हापूर जिल्ह्याने याचं मोठं उदाहरण पाहिलं. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात 1992 पासून असलेली हत्तीण कागदावर महादेवी होती, लोकांसाठी ती माधुरी होती. घरची लेक निघावी तसे लोक तिला निरोप देताना रडले, नंतर मोर्चे निघाले. ते प्रेम खोटं नव्हतं. पण न्यायालयासमोर प्रश्न वेगळा होता. तिची प्रकृती, तिचे पाय, तिचं एकटेपण. मठाने हलगर्जीपणाचे आरोप फेटाळले होते. 16 जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने धार्मिक वापराच्या हक्कापेक्षा तिच्या चांगल्या जगण्याचा हक्क वरचा मानला आणि 28 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. तिची रवानगी जामनगरच्या वनतारामध्ये झाली. पुढे नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव आला.

निकाल पटो वा न पटो, त्यातून एक गोष्ट समजते. 'आमची माधुरी' म्हटल्याने ती आपली होते. ती बरी आहे का, हे मात्र पशुवैद्यच सांगू शकतो.

मग म्हणायचं काय?

'कुत्रा' ही शिवी नाही, ते एका प्राण्याचं नाव आहे. नाव माहीत असेल तर नावाने बोलवावं, हा साधा शिष्टाचार आहे. 'गावठी' म्हणताना नाक मुरडलं जात असेल, तर 'देशी' म्हणता येईल. महाराष्ट्रातला कारवानी हाउंडही देशीच आहे. बातमीत 'मोकाट झुंडी' लिहिण्याआधी किती कुत्रे होते आणि त्यांची नसबंदी झाली होती का, हे विचारलं तर वाचकाला जास्त कळेल.

आणि लिफ्टचं काय? 'कुत्रं' म्हणणाऱ्याने 'ब्रूनो' म्हटलं तर भांडण लवकर मिटेल. ब्रूनोला 'बाळ' म्हणणाऱ्याने आधी फडकं आणि फिनाईल घेऊन खाली यावं. बाळाने घाण केली तरी ती घरच्यांनीच काढायची असते.