पूर्वपक्ष कोण शिकवणार?

दर हिवाळ्यात एखाद्या तरी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग येतो. गेल्या खेपेस नववीतील एका विद्यार्थिनीने हुंडाप्रथेवर मोठे तडफदार भाषण केले. आवाजातील चढउतार, हावभाव, समारोपाची कविता, सारे जिथल्या तिथे होते. गुण देण्यापूर्वी तिला सहज विचारले, "बाळ, हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे. हुंडा वाईट हे सगळेच म्हणतात. मग मुलीचा बाप तो का देतो?" ती गोंधळली. तिच्या साऱ्या भाषणात त्या बापाला जागाच नव्हती. भाषण बाबांनी लिहून दिले होते, हे मात्र तिने प्रांजळपणे सांगितले.

आपल्याकडे वक्तृत्व म्हणजे पाठांतर हे समीकरण पक्के झाले आहे. वादविवाद स्पर्धांची गतही निराळी नाही. एक जण बाजूने बोलतो, दुसरा विरोधात. पण पहिल्याने काय मांडले याचा दुसऱ्याच्या भाषणात उल्लेखही नसतो. दोन निबंध एकापाठोपाठ एक वाचले जातात, एवढेच.

ज्या परंपरेचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, तिचा दंडक वेगळा होता. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्वपक्ष म्हणून नीट मांडायचे, मगच त्याचे खंडन करायचे. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले: सत्यशोधनासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडून काढणे ती वितंडा. यांतला तिसरा प्रकार दूरचित्रवाणीने घरोघरी पोहोचवला आहे. पहिला शिकवण्याचे काम शाळेचे.

ते शिकवायला विषय मुलांच्या अंगणातला हवा. गणेशोत्सवातील ध्वनिवर्धकांचाच घ्या. वर्गात मंडळाच्या कार्यकर्त्याचा मुलगा असतो, तशी आजारी आजीची नातही असते. पहिल्याने आजीची बाजू मांडावी, दुसरीने मंडळाची. नियम एकच: मांडणी ऐकून समोरच्याने "होय, माझे म्हणणे हेच" असे म्हटले पाहिजे. त्यानंतरच उत्तर द्यायचे. मग मुलांना माहिती शोधावीच लागते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० च्या नियमांत आहे; रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे; सणांसाठी वर्षातून अधिकाधिक पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. 'आमच्याच सणांवर बंधने का?' हाही प्रश्न वर्गात येईल आणि तो यावाच. तो विचारणाऱ्याला नियम सर्वांना सारखा आहे का आणि त्याचे पालन सर्वत्र सारखे होते का, हे दोन प्रश्न वेगळे करावे लागतील. एवढे साधले तरी तासिका सार्थकी लागली.

यावर आपल्याच घरांतून आक्षेप येतो की, कोवळ्या मनात संशय कशाला पेरायचा? ही काळजी खोटी नाही. पण तोच मुलगा दोन वर्षांनी महाविद्यालयात, वसतिगृहात जातो. आपल्या श्रद्धांवरचा पहिला खरा आक्षेप तो तेथे ऐकतो आणि एक तर चिडतो किंवा सारेच सोडून देतो. दोन्ही प्रकारची मुले मी पाहिली आहेत. (कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातही भाषण लांबले की पहिली कात्री प्रश्नोत्तरांनाच लागते, हेही येथे नमूद केले पाहिजे.)

इतिहासाच्या तासालाही हे करता येईल. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. त्याच 'केसरी'तून टिळकांनी १८९१ मध्ये संमतिवयाच्या विधेयकाला विरोध केला, तर १८८८ मध्ये 'सुधारक' काढलेले आगरकर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. प्रश्न मुलींचे संमतिवय दहावरून बारा करण्याचा होता. समाजाच्या सुधारणेत परकीय सरकारचा कायदा असावा काय, हा टिळकांचा आक्षेप. समाज आपणहून बदलेपर्यंत त्या मुलींनी काय करायचे, हा सुधारकांचा. टिळकभक्त घरातील मुलाने एकदा आगरकरांची बाजू मनापासून मांडून पाहावी. टिळक त्याला तेव्हा अधिक कळतील, आणि कदाचित या एका प्रश्नावर तो त्यांच्याशी असहमतही होईल. ते आपल्याला सोसले पाहिजे.

स्पर्धेच्या गुणपत्रिकेत उच्चार, हावभाव, पाठांतर आणि वेळेचे भान असे चार रकाने होते. पाठांतराऐवजी परीक्षकाच्या एका प्रश्नाच्या उत्तराला गुण द्यावेत, असे मी आयोजकांना सुचवले. ते हसून म्हणाले, "सर, मग भाषण लिहून देणारे पालक नाराज होतील." यंदाच्या निमंत्रणासोबत गुणपत्रिका आली आहे. रकाने तेच आहेत. मी होकार कळवला आहे आणि पत्रात तीच सूचना पुन्हा केली आहे.