साहेबांची चाचणी कोण घेणार?

मार्च जवळ आला की गुरुग्रामच्या कंपन्यांना आपल्या माणसांच्या मनाची काळजी वाटू लागते. ट्रेनिंगचं बजेट शिल्लक असतं आणि ते ३१ तारखेच्या आत संपवायचं असतं. मग मानेसरच्या पुढच्या एखाद्या रिसॉर्टवर दोन दिवस मुक्काम, पनीरच्या तीन भाज्यांचा बुफे आणि व्यक्तिमत्त्व चाचणी. तुम्ही अंतर्मुख की बहिर्मुख, डोक्याने चालता की मनाने, असे प्रश्न सोडवले की इंग्रजी चार अक्षरांचा शिक्का हातात पडतो.

या चाचणीचं मूळ मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या विचारात आहे, पण ती रचली अमेरिकेतल्या एका मायलेकींनी. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा शिक्का बदलतो. तेही एक वेळ चालेल. माझं दुखणं वेगळंच आहे. सोमवारी ऑफिसात परतल्यावर साहेब म्हणतात, ‘वो तो इंट्रोव्हर्ट है, उसको बायर के सामने मत बिठाओ.’ स्वतःला ओळखायला म्हणून गेलेला माणूस दुसऱ्यांना कप्प्यांत घालायची नवी सोय घेऊन येतो.

मी साताऱ्याची. लग्नानंतर इकडे आले आणि तेव्हापासून उद्योग विहारातल्या कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यांत माल तपासायचं काम करते. इथे मन कळणं म्हणजे काय, ते शिपमेंटची तारीख ठरवायच्या बैठकीत दिसतं. साहेब आत येतात आणि खुर्चीत बसायच्या आधीच विचारतात, ‘बीस को निकल जाएगा ना?’ मर्चंडायझर मुलगी वहीत डोकं घालते. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतो, ‘हो जाएगा सर.’ फिनिशिंगवाला नुसती मान हलवतो. पाच मिनिटांत बैठक आटोपते. खाली चहाच्या गाडीवर कटिंगचे मास्टरजी मला सांगतात, ‘मॅडमजी, कपड़ा ही अठारह को डाइंग से आएगा.’ हे वर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वीस तारीख हुकते, माल बोटीऐवजी विमानाने जातो, त्याचं भाडं कारखान्याच्या बोकांडी बसतं आणि साहेब कडाडतात, ‘मुझे किसी ने बताया क्यों नहीं?’

हा राग खोटा नसतो. आपल्याशी कुणीही येऊन बोलावं, असं त्यांना मनापासून वाटतं. आणि हे साहेब काही दुष्ट नसतात. कुणाच्या मुलीच्या लग्नाला हात सैल सोडतात, कुणाच्या आईला दवाखान्यात जागा मिळवून देतात. तेवढ्याच हक्काने, चार लोकांदेखत, पन्नाशीच्या माणसाला शाळकरी पोरासारखं झापतातही.

या गुंत्यावर सुधीर कक्कर यांनी १९७१ सालीच बोट ठेवलं होतं. कक्कर आधी मेकॅनिकल इंजिनिअर झाले, मग अर्थशास्त्राकडे वळले आणि पुढे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनच्या सहवासात मनाच्या अभ्यासाला लागले. दिल्लीत त्यांनी अनेक वर्षं मनोविश्लेषक म्हणून काम केलं, शेवटची वर्षं गोव्यात काढली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ते गेले. भारतीय संस्थांमधल्या अधिकारावर लिहिताना त्यांनी दाखवलं की आपल्याकडे वरिष्ठ आणि हाताखालचा माणूस यांचं नातं बापलेकाच्या वळणावर जातं. बाप माया करतो आणि धाकही ठेवतो. अशा घरात वाईट बातमी बापाला सगळ्यात शेवटी कळते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

यावर ‘मला सर म्हणू नका, नावाने हाक मारा’ हा इथल्या सायबर सिटीतल्या कंपन्यांचा उपाय मला फारसा पटत नाही. नाव बदलतं, भीती तशीच राहते. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० साली मांडलेला विचार मला अधिक व्यवहाराचा वाटतो. आपल्या माणसांना मायेचा वरिष्ठ हवा असतो, हे त्यांनी नाकारलं नाही. पण ती माया कामाशी बांधलेली असावी, आणि माणूस तयार होत जाईल तसतसा वरिष्ठाने हात काढून घेत त्याला निर्णयात ओढावं, असं त्यांचं म्हणणं होतं. आमचे साहेब लोक पहिल्या अर्ध्यावर खूश असतात. हात काढून घ्यायची वेळ आली की त्यांना आपली गरज संपल्यासारखं वाटतं. कुणीतरी आपल्यावर अवलंबून असावं ही भूक आपल्याला आहे, एवढं एका साहेबाने जरी स्वतःशी कबूल केलं, तरी मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन.

ज्याच्या हाती अधिकार त्याने स्वतःच्या मनात डोकावण्याचा एक मोठा प्रयोग शेजारच्या दिल्लीत होऊन गेला, आणि तो तुरुंगात. १९९३ मध्ये किरण बेदी तिहारच्या प्रमुख झाल्या, तेव्हा तिथे नऊ हजारांच्या आसपास कैदी कोंबलेले होते. त्याच वर्षी तिहारमध्ये विपश्यनेचं पहिलं शिबिर झालं. आपल्या इगतपुरीला चालतं तसंच, दहा दिवसांचं, मौनाचं. पुढच्या एप्रिलमध्ये हजारावर कैदी बसले, त्याचा बराच गाजावाजा झाला. मला मात्र पहिलं शिबिर जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात कैद्यांसोबत तुरुंगाचे कर्मचारीही बसले होते. ज्याच्या हातात किल्ल्या, त्यालाही आपला राग कुठून उठतो ते बघायला बसवलं. विपश्यनेने माणूस बदलतोच, असा माझा दावा नाही. शिवाय बेदींनी सगळा भार ध्यानावर टाकला नव्हता. बराकीबराकीतून फिरणारी तक्रारपेटी त्यांनी सुरू केली होती, म्हणजे मधल्या साखळीला वळसा घालून कैद्याचं गाऱ्हाणं वर पोचावं.

कारखान्याला पेटीचीही गरज नाही. तारखेच्या बैठकीत मास्टरजींना बोलवावं, त्यांना पहिलं विचारावं आणि साहेबांनी आपला आकडा सगळ्यात शेवटी सांगावा. मास्टरजी बोलत असताना पोटात काय ढवळतं आणि जिभेवर काय येतं, ते तेवढ्या वेळात टिपावं. दहा दिवस नकोत, पंधरा मिनिटं जमली तरी विमानाचं भाडं वाचेल, आणि मानेसरच्या रिसॉर्टचंही.